दोन वर्षाचा कोर्स अन् एक लाख डॉलर

मागे एका रात्री पावणेबाराला भाच्यानं एक रील पाठवली. एक गोरा पोरगा, डोक्यावर हेल्मेट, मागे कूलिंग टॉवर, अन् सांगून राहिला की मी काही इंजिनिअर नाही, घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षाचा न्यूक्लिअर टेक्नॉलॉजीचा कोर्स केला आणि आता वर्षाला एक लाख डॉलर कमावतो. भाच्यानं रीलखाली गुणाकार करून ठेवला होता, पंच्याऐंशी लाख, आणि त्याखाली "मामा हे खरं हाय का? आपल्याकडे काऊन नाही असं?"

मी म्हटलं झोप बे, रविवारी ये.

हा भाचा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, इलेक्ट्रिकल डिप्लोमा, फायनलला ६८ टक्के, चार महिने घरी. नागपूरजवळच्या बुटीबोरीत एका कंपनीत इंटरव्ह्यू दिला तर कॉन्ट्रॅक्टवर तेरा हजार सांगितले, जाण्यायेण्याचं पेट्रोल तुझं. म्हणून त्या रीलनं त्याची झोप उडाली असेल तर मी त्याला दोष देत नाही. मामाला विचारायचं कारण एवढंच की मी अकरा वर्षं रेडिओग्राफीत काढली, वेल्डिंगच्या जॉइंटचे आतले फोटो काढायचे, इरिडियम या किरणोत्सारी धातूचा सोर्स वापरून, त्यामुळे आमच्या घराण्यात "अणूचं" जे काही असेल त्याचा मी एक्स्पर्ट. एरवी आमच्या नातेवाइकांना अणू म्हणजे सिव्हिल लाइन्समधलं अणु खनिज संचालनालयाचं ऑफिस, आणि ते लोक तर जमिनीतलं युरेनियम शोधतात, त्यांचा वीज बनवायशी संबंध नाही.

तर पहिले अमेरिकेचं. रील खोटी नाही. तिकडच्या सरकारी कामगार आकडेवारीत न्यूक्लिअर टेक्निशियनचा मे २०२३ चा मधला पगार १,०१,७४० डॉलर आहे, मधला म्हणजे निम्म्यांना त्याहून जास्त अन् निम्म्यांना कमी. रिअ‍ॅक्टर ऑपरेटरला आणखी जास्त, एक लाख वीस हजारांच्या आसपास. आणि शिक्षण किती लागतं तर टेक्निशियनला दोन वर्षाची असोसिएट डिग्री. हे सगळं खरं आहे. पण त्याच पानावर थोडं खाली गेलं की दिसते नोकऱ्यांची संख्या, अख्ख्या अमेरिकेत मिळून सहा हजारांच्या आसपास! एवढ्या मोठ्या देशात सहा हजार, म्हणजे आपल्या एका बऱ्या एमआयडीसीत जेवढे कामगार असतील तेवढे. रीलवाला हे सांगत नाही कारण त्याला तरी काय गरज, त्याचं काम झालं.

आणि ही कॉलेजं कुठं आहेत ते नकाशावर बघा. जॉर्जियात ऑगस्टा टेक्निकल कॉलेज, शेजारी व्होगल अणुवीज प्लांट. अ‍ॅरिझोनात एस्ट्रेया माउंटन कॉलेज, पलीकडे पालो वर्दे. टेक्सासात व्हॉर्टन काउंटी ज्युनिअर कॉलेज, जवळ साउथ टेक्सास प्रोजेक्ट. सगळीकडे हेच, प्लांटच्या सावलीत कॉलेज. प्लांटवाल्यांनी २००७-०८ च्या सुमारास बघितलं की आपली बरीच माणसं रिटायर व्हायला आली, मग त्यांनी या कॉलेजांशी मिळून एक सारखा अभ्यासक्रम ठरवला, जेणेकरून पोरगा आला की त्याला अ आ इ ई पासून शिकवायला नको. म्हणजे कोर्स प्लांटसाठी आहे. प्लांटला माणसं पाहिजे असतील तर कोर्सला किंमत, नाहीतर तो कागद घेऊन गॅस टर्बाइनवाल्याकडे नाहीतर औषधाच्या फॅक्टरीत जायचं, तिथंही नोकरी मिळते, पण रीलमधला पगार मिळत नाही.

माझा एक आतेभाऊ तिकडे जॉर्जियात आहे, वीसेक वर्षं झाली, त्याचा मुलगा अशाच एका कॉलेजातून निघून प्लांटवर लागला. फोनवर त्याला विचारलं तर म्हणे काका, कॉलेजात जे शिकलो ते पहिल्या सहा महिन्यात संपलं, पुढचं सगळं प्लांटनं परत शिकवलं, त्यांच्या पद्धतीनं. आत घ्यायच्या आधी बॅकग्राउंड तपासतात, क्रेडिट कार्डाच्या थकबाकीपर्यंत, पाचशे प्रश्नांची मानसिक टेस्ट, ड्रग टेस्ट, आणि ड्रग टेस्ट मग नोकरीभर कधीही, सकाळी गेटवर नाव निघालं की चला. बारा बारा तासाची शिफ्ट, दिवाळी-ख्रिसमस काही नाही. त्याचं काम काय तर हातात लिस्ट घेऊन फिरायचं, हा व्हॉल्व्ह, तो गेज, हा पंप गरम आहे का, लिहा, पुढे चला. "काका, खूप बोअरिंग आहे, आणि बोअरिंग असलेलंच बरं आहे." हे वाक्य त्यानं इंग्रजीत सांगितलं, मी मराठीत लिहून राहिलो.

व्होगलचंच घ्या. तिथं तिसरं युनिट जुलै २०२३ ला आणि चौथं एप्रिल २०२४ ला सुरू झालं, सात वर्ष उशीर अन् तीस अब्ज डॉलरच्या वर खर्च. बांधकाम जोरात होतं तेव्हा साइटवर नऊ हजार माणसं होती, आता दोन्ही नवीन युनिट मिळून कायमच्या नोकऱ्या आठशे. नऊ हजारातले बाकीचे गेले पुढच्या साइटवर, पण तेवढी मोठी पुढची साइटच नव्हती! आणि उलटंही होतं. मिशिगनमधला पॅलिसेड्स प्लांट मे २०२२ मध्ये बंद केला, लोक पांगले, आणि नंतर तोच परत चालू करायच्या मागे लागले. थ्री माइल आयलंडचं पहिलं युनिट २०१९ ला बंद झालं अन् २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं वीज घेतो म्हटल्यावर त्याला नवीन नाव देऊन उठवून राहिले. तुमचा पगार असा एका गेटला बांधलेला असतो. ते गेट बंद झालं तर शेजारी दुसरं नसतं, दुसरं चारशे मैलावर असतं, घर विकून जा.

भाचा हे ऐकून म्हणतो, "तरी पण मामा, तेरा हजारापेक्षा बरंच ना." बरोबर आहे बाबा. पण तुला ते मिळणारच नाही, हा मूळ मुद्दा मी उगाच शेवटी ठेवला. तिकडे स्टुडंट व्हिसावर कम्युनिटी कॉलेज करता येईल, फी भरली की कोणीही घेतं, पण नंतर नोकरीच्या एचवनबी व्हिसासाठी बॅचलर डिग्रीची नोकरी लागते, दोन वर्षाच्या डिग्रीवर टेक्निशियनची नोकरी त्यात बसतच नाही. वर परदेशी नागरिकाला अणू टेक्नॉलॉजी दाखवायची तर त्यांच्या ऊर्जा खात्याचे नियम आडवे. आतेभावाचा पोरगा तिथं जन्मला म्हणून आत गेला. एखादा एजंट धरमपेठेत ऑफिस टाकून "न्यूक्लिअर कोर्स, शंभर टक्के प्लेसमेंट" विकायला बसला तर त्याच्याकडे चहा प्या अन् उठून या.

आता आपल्याकडचं, कारण "आपल्याकडे काऊन नाही" हा प्रश्नच चुकीचा आहे. आहे आपल्याकडे, फक्त त्याला न्यूक्लिअर टेक्नॉलॉजी म्हणत नाही कोणी. न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन, म्हणजे एनपीसीआयएल, आणि भाभा अणु संशोधन केंद्र हे साधे मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्सवाले डिप्लोमा घेतात, बीएस्सीवाले घेतात, आणि न्यूक्लिअरचं शिक्षण स्वतः देतात, तेही पगार देऊन. त्याला स्टायपेंडरी ट्रेनी म्हणतात. एनपीसीआयएलच्या जाहिरातीत डिप्लोमा आणि बीएस्सीवाले कॅटेगरी एक, साठ टक्के लागतात, वय पंचवीसच्या आत, राखीव गटांना सूट. आयटीआय अन् बारावी सायन्सवाले कॅटेगरी दोन, पन्नास टक्के, चोवीसच्या आत. अलीकडच्या जाहिरातींमध्ये कॅटेगरी एकला पहिल्या वर्षी महिन्याला २४,००० आणि नंतर २६,००० स्टायपेंड, दोनला २०,००० आणि २२,०००. ट्रेनिंग दीड ते दोन वर्षाचं, बॉण्ड लिहून द्यावा लागतो. ट्रेनिंग पास झालं की कॅटेगरी एकचा पोरगा सायंटिफिक असिस्टंट बी, मूळ पगार ३५,४००, महागाई भत्ता धरला की पन्नासच्या पुढे, वर कॉलनीत क्वार्टर, दवाखाना, पोरांना शाळा. चांगलं काम असलं तर सुरुवातीलाच सी ग्रेड, तो ४४,९०० मूळ. आयटीआयवाला टेक्निशियन बी, २१,७०० मूळ. मी भाच्याला म्हटलं तेरा हजाराच्या बाजूला हे आकडे लिही वहीत अन् बघत बस, रीलपेक्षा हे खरे आहेत आणि यासाठी इंग्रजीत मुलाखत द्यायला अटलांटाला जावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र तिकडची अन् इकडची सारखी आहे. प्लांट नागपुरात नाही. तारापूर पालघर जिल्ह्यात, समुद्राकाठी, १९६९ पासून चालू आहे. बाकी रावतभाटा कोट्याच्या पलीकडे, काकरापार सुरतकडे, कैगा कारवारच्या जंगलात, कुडनकुलम तर पार टोकाला. जाहिरातही साइटप्रमाणे निघते, कैगाची वेगळी, तारापूरची वेगळी, ज्या साइटला फॉर्म भरला तिथंच साधारण आयुष्य. आमच्या बॅचचा एक जण रावतभाट्याला गेला तो अजून तिथंच आहे, पोरं हिंदीतच बोलतात, दिवाळीला येतो तेव्हा पहिल्या दिवशी सकाळी सहाला तर्री पोहे खायला जातो, घरच्यांना भेटायच्या आधी. मी त्याला विचारलं होतं एकदा, पैसा बरा आहे ना? म्हणे पैसा भरपूर आहे, खर्च करायला गाव नाही. आता हा त्याचा विनोद आहे, पण मला वाटते पगाराचा अर्धा भाग त्याच गोष्टीचा आहे, गावापासून लांब कॉलनीत पंचवीस वर्षं राहायचा.

नागपूरला सगळ्यात जवळ म्हणजे चुटक्याचा नियोजित प्रकल्प, मध्य प्रदेशात मंडला जिल्ह्यात, जबलपूर रोडनं गेलं की पुढे. २०१७ साली सरकारनं एकदम दहा रिअ‍ॅक्टर मंजूर केले त्यात चुटक्याचे दोन होते, सातशे सातशे मेगावॅटचे. तिथली गावं आधीच बरगी धरणात एकदा उठलेली, आता परत उठा म्हटल्यावर लोक कसे तयार होतील. त्यामुळे भाच्याला मी सांगितलं चुटक्याच्या भरवशावर थांबू नको. कोकणातल्या जैतापूरच्या प्रकल्पाचं तर मी कॉलेजातून निघालो त्यानंतर थोड्या वर्षांनी ऐकायला लागलो, आता माझे केस पांढरे झाले. २०४७ पर्यंत शंभर गिगावॅट अणुवीज असं २०२५ च्या बजेटमध्ये सांगितलं, तेव्हा आपण नऊच्या आत होतो, आणि खासगी कंपन्यांनाही आता या धंद्यात दार उघडून दिलंय. झालं तर चांगलंच, माणसं लागतीलच. पण खासगीवाला क्वार्टर अन् दवाखाना देईल का, की तोही ठेकेदारामार्फत तेरा हजारच सांगेल, हे मला आत्ता कोणी लिहून देत असेल तर मी भाच्याला तिकडं पाठवतो.

बहिणीचा प्रश्न वेगळाच. चहा टाकता टाकता म्हणाली, "दादा, ते रेडिएशन... उद्या याला मुलगी कोण देईल?" मी म्हटलं तुझ्या दादाला दिली ना. तर म्हणे तुझं वेगळं, तुझं लग्न झाल्यावर कळलं त्यांना. हे खरं आहे.

तिला मी आकडे सांगून बघितले. कामगाराला पाच वर्षांची सरासरी काढून वर्षाला वीस मिलीसिव्हर्ट (रेडिएशनचा डोस मोजायचं माप) अशी आपल्याकडे मर्यादा आहे, कुठल्याही एका वर्षात तीसच्या वर नाही, आणि काही न करता नुसतं पृथ्वीवर राहिलं तरी सरासरी दोन-अडीच मिळतातच. बहिणीवर काही परिणाम झाला नाही. मग मी तिला बॅजची गोष्ट सांगितली, जी मी घरात कधी सांगितली नव्हती.

आमचं काम रात्रीचं, कारण दिवसा माणसं असतात. हिंगण्याकडच्या एका यार्डात मोठ्या पाइपचे जॉइंट होते. कॅमेरा म्हणतात त्या डब्याला, दिसायला टिफिनपेक्षा थोडा मोठा, उचलायला गेलं की वीस-बावीस किलो, कारण आत इरिडियमची शेंगदाण्यापेक्षा लहान गोळी अन् भोवती रेडिएशन अडवायला डिप्लीटेड युरेनियमचं कवच. दोरी लावून कॉर्डन करायचं, लाल दिवा लावायचा, लांब केबलचं हँडल घेऊन बसायचं, फिरवलं की गोळी नळीतून पाइपवर जाते, वेळ लावायची, परत उलटं फिरवलं की गोळी डब्यात, हा एक शॉट. इरिडियम चौऱ्याहत्तर दिवसांत निम्मं होतं, म्हणून दर आठवड्याला वेळ वाढत जातो, तो चार्ट खिशात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हँडल फिरायचं थांबलं म्हणजे गोळी आत आली असं धरायचं नाही. रेडिएशन दाखवणारा सर्व्हे मीटर हातात घेऊनच डब्याजवळ जायचं. दर वेळी. रात्रीत चाळीस शॉट असले तर चाळीस वेळा. तीसाव्या वेळी पाय ओढत जातात, पण जायचं.

मे महिना होता, आपला मे, रात्री एकलाही पत्र्याची आग. मी शर्ट काढून पाइपच्या स्टँडला टांगला, आणि शर्टाला टीएलडी बॅज, म्हणजे आपल्याला किती रेडिएशन मिळालं ते मोजणारा. मी हँडलजवळ लांब बसलो, बॅज सोर्सजवळ. तीन शॉट झाल्यावर लक्षात आलं, उचलून घातला, कोणाला सांगितलं नाही. काही आठवड्यांनी रिपोर्ट आला, माझ्या नावावर एवढा डोस की मर्यादेच्या कितीतरी वर. चौकशी, लेखी खुलासा, क्रोमोसोमच्या तपासणीसाठी रक्त दिलं. रक्त साफ निघालं, डोस शर्टालाच मिळाला होता. पण ठेकेदारानं दोन महिने घरी बसवलं, एक पैसा दिला नाही, आणि बायकोला मी सांगितलं की काम मंदीत आहे.

बहीण म्हणे म्हणजे तुला काही झालं नव्हतं तरी तू अडकला? मी म्हटलं हो, मला काही झालं नाही म्हणून नाही अडकलो, बॅज जागेवर नव्हता अन् मी ते वेळेवर सांगितलं नाही म्हणून अडकलो. या धंद्यात पैसा त्याचा आहे. अमेरिकेत एक लाख डॉलर असो की इकडे सायंटिफिक असिस्टंटचा पगार असो, फिजिक्स दोन महिन्यात येते कोणालाही, चाळीसाव्या वेळी मीटर हातात घेऊन जाणारा माणूस मिळत नाही.

भाचा त्या वेळी घराबाहेर स्कूटीची किल्ली शोधत होता. ती स्कूटीलाच होती.

ज्यांना प्लांट नको अन् नागपूर सोडायचं नाही त्यांच्यासाठी दवाखान्याची बाजू आहे. इथं कॅन्सरची मोठी हॉस्पिटलं आहेत, तुकडोजी आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, रेडिओथेरपीची मशीन चालवायला अन् पेट स्कॅनला शिकलेली माणसं लागतात. पेटचं औषध किरणोत्सारी फ्लोरिन-१८ चं, एकशे दहा मिनिटांत निम्मं होतं, त्यामुळे तिथं वेळेचं भान आमच्यापेक्षा कडक. पण त्याला त्या विषयाचं वेगळं शिक्षण लागतं, डिप्लोमावाल्याला सरळ रस्ता नाही. रेडिओग्राफीत डिप्लोमावाल्याला रस्ता आहे, कोर्स करून आरटी लेव्हल टू हे रेडिओग्राफीचं सर्टिफिकेट घ्या, कामं मिळतात, पाइपलाइन आहेत तोवर वेल्डिंग आहे, पण नोकरी ठेकेदाराची, अन् ठेकेदाराचं मी वर सांगितलंच.

तर पुढच्या रविवारी भाचा परत आला, सोबत मित्र, आयटीआय इलेक्ट्रिशियन, शांत पोरगा, आल्यावर पाया पडला. भाच्याची अडचण आधी वेगळीच निघाली. जाहिरातीत खाली बारीक अक्षरात उंची १६० सेंटिमीटर अन् वजन साडेपंचेचाळीस किलो असं लिहिलेलं असतं. आमचा काडी पैलवान वाण्याच्या काट्यावर चढला, कपड्यासकट सत्तेचाळीस, म्हणजे काठावर. बहिणीनं तेव्हाच रोज दोन केळी सुरू केली.

मग मी दोघांनाही एक पेपर लावला, आयटीआयवाल्यांच्या पहिल्या परीक्षेसारखा, पन्नास प्रश्न, एक तास, गणित वीस, विज्ञान वीस, सामान्य ज्ञान दहा, बरोबरला तीन, चुकीला वजा एक. भाच्याचा पेपर वेगळ्या कॅटेगरीचा, पण म्हटलं बघू तर. त्यानं चाळीस मिनिटात संपवला, पन्नासच्या पन्नास सोडवले, उरलेला वेळ मोबाइल बघत होता. एकवीस बरोबर. त्रेसष्ट वजा एकोणतीस, चौतीस मार्क.

मित्रानं पूर्ण तास घेतला. एकतीसच सोडवले होते, सव्वीस बरोबर, पाच चूक, अठ्ठ्याहत्तर वजा पाच, त्र्याहत्तर.

भाचा म्हणे, "बे, एकोणीस कोरे काऊन सोडले?"

"येत नव्हते," मित्र म्हणाला.

भाच्यानं पेपर उलटा करून बघितला, परत सुलटा केला, अन् मला म्हणतो, "मामा, हे मायनस वन नसतं ना, तर माझे जास्त झाले असते." मी म्हटलं तरी नाही बे, त्याचे सव्वीस आहेत अन् तुझे एकवीस.